अकरा मीटर दहा

मैदानावर त्यांना सगळे ‘अर्जदार’ म्हणत. खरे नाव हजेरीपटाबाहेर कोणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही. भूमापनाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला हा गृहस्थ राष्ट्रीय स्टेडियमच्या गवतावर पांढऱ्या रेषा मारत सव्वीस वर्षे का राहिला, याचे उत्तर ज्या कार्यालयाने द्यायचे त्याने ते कधीच दिले नाही. नकाशे काढण्याच्या जागेवर एक वशिल्याचे तट्टू बसले आणि ज्याचे गुण अधिक होते त्याच्या हाती चुन्याची गाडी आली. गुणवत्तेची कदर होते, असे फक्त बक्षीस समारंभातल्या भाषणांत सांगितले जाते.

अर्जदारांनी या अन्यायाचा सूड आपल्या परीने उगवला. ते अर्ज करीत. पाण्याचा फवारा वाकडा उडतो, अर्ज. कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी दोन बोटे आखूड आहे, अर्ज. डावीकडे समास सोडून, विषय आणि संदर्भ लिहून, एकही खाडाखोड न करता. मैदानाचे व्यवस्थापक ते सारे एका निळ्या फायलीत लावीत आणि ती फाईल, खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून, झडपेला टेकवून ठेवीत. म्हणजे अर्जांचा उपयोग होत नव्हता असे म्हणता येणार नाही.

तरीही माणूस दुःखी नव्हता, हे नमूद केले पाहिजे. पहाटेचे दव उतरले की अनवाणी पायांनी ते गवतावरून एक फेरी मारीत आणि तळव्यांना जे कळे ते कोणत्याही यंत्राला कळत नसे. रेषा मारून झाली की एक डोळा मिटून तिच्याकडे पाहत. ती सुतासारखी सरळ असे. जगात निदान काही गोष्टी सरळ असाव्यात आणि त्या आपल्या हातच्या असाव्यात, एवढ्यावर ते समाधान मानीत.

गोलच्या जाळ्या सांधण्याचे काम त्यांच्या पत्नीकडे होते. त्या मैदानावरच्या सर्वांच्या वहिनी. मोजणीच्या वेळी टेपचे एक टोक त्याच धरीत. चार वर्षांपूर्वी टेपचे तोंड गवत कापण्याच्या यंत्राखाली सापडून तुटले, तेव्हापासून दोघांनी एक तोड काढली होती. वहिनींनी गोलरेषेवर दहा सेंटिमीटरची खूण धरायची आणि अर्जदारांनी पलीकडे दहा वाढवून वाचायचे. पेनल्टीचा ठिपका गोलपासून अकरा मीटरवर असावा लागतो, तो ते अकरा-दहावर मारीत. नव्या टेपसाठी केलेला अर्ज निळ्या फायलीत सर्वांत खाली होता.

आणि अंतिम सामन्याच्या आदल्या सकाळी नवी टेप आली. आपल्या देशाचा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला होता, सामना याच मैदानावर होता, आणि पाहुण्यांनी तुटकी टेप पाहिली असती तर वरिष्ठांची नाचक्की झाली असती. अर्जाने जे चार वर्षांत साधले नाही ते अब्रूच्या भीतीने एका दिवसात साधले.

उत्तरेकडच्या गोलपुढचे गवत नव्याने बसवले होते, म्हणून तिथला ठिपका नव्याने मोजायचा होता. अर्जदारांनी टेप पेटीतून काढली, तेलाचा वास घेतला आणि पत्नीला बजावले, “आता ते दहाबिहा काही नाही. शून्यावर धरायची.”

“बरं.”

“शून्य म्हणजे अगदी तोंडाला. कळलं?”

“बरं म्हटलं ना. पळा तिकडे.”

ते पळाले. ठिपका मारला, वहीत नोंद केली, एक डोळा मिटून पाहिले. सामन्याआधी पंचांनीही ठिपक्याकडे पाहिले. पाहणे आणि मोजणे यांत फरक आहे, हा अर्जदारांचा जुना सिद्धांत होता आणि त्यावरही त्यांचा एक अर्ज होता.

रविवारी दुपारी सामना झाला. अर्जदार खेळाडू बाहेर येतात त्या बोळाच्या तोंडाशी, पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून होते. वहिनी मागे उभ्या. एक-एक अशी बरोबरी झाली, जादा वेळही कोरडाच गेला आणि निकाल पेनल्टीवर आला. उत्तरेकडचाच गोल निवडला गेला. पाहुण्यांनी पाचही फटके आत घातले. आपले चार आत गेले. पाचवा मारायला संघाचा कप्तान आला, डाव्या पायाचा म्हणून ज्याला सारा देश ‘डावरा’ म्हणून ओळखतो. चेंडू आडव्या दांड्यावर आदळला आणि वर उडून मागच्या रांगांत गेला. सत्तर हजार माणसे एकदम गप्प झाली, तेव्हा जाळीची दोरी खांबावर टकटक वाजताना ऐकू आली.

“दांडा अजून हलतोय,” वहिनी म्हणाल्या. “किती जोरात मारला बिचाऱ्याने.”

इथवर सगळे रीतसर झाले. खेळात कोणीतरी हरायचेच. पण मैदानाबाहेर पडताना डावऱ्यासमोर कोणीतरी माईक धरला आणि तो घामाने निथळत म्हणाला, “काय माहीत. ठिपकाच जरा लांब वाटला.”

तासाभरात ते वाक्य घरोघरी पोहोचले. ज्यांनी आयुष्यात फूटपट्टी हाती धरली नव्हती असे तज्ज्ञ पडद्यावर काठीने वर्तुळे काढून अंतर सांगू लागले. अर्जदारांनी घरी येऊन चपला काढल्या, हातपाय धुतले आणि ‘मूर्ख आहेत सगळे’ असे म्हणत, केवळ खात्री असावी म्हणून, नोंदवही उघडली. शनिवारच्या पानावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते: उत्तर गोल, ठिपका, ११.१०.

चार वर्षांच्या सवयीने हात दहा वाढवून मोकळा झाला होता. टेप नवी, शून्य शाबूत, आणि आपण अकरा-दहा वाचून खूण केली. म्हणजे ठिपका दहा सेंटिमीटर लांब गेला. एवढे अंतर कोणाच्या डोळ्यांना दिसणार नाही. आडव्या दांड्याला मात्र दिसले असेल.

वहिनी खिडकीपाशी मांडीवर जुनी जाळी घेऊन गाठी मोजत होत्या.

“अगं, काल टेप शून्यावर धरली होतीस ना?”

“हो हो.”

“नक्की?”

“एकवीस, बावीस… अहो, तुम्ही सांगितल्यावर मी कधी नाही म्हटलंय?”

ते खरे होते. नाही असे त्यांनी कधीच म्हटले नव्हते. अर्जदारांनी कोरा कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि लिहायला बसले. आजवरच्या साऱ्या अर्जांत दोष दुसऱ्याचा असे, म्हणून वाक्ये आपसूक येत. आज विषयाच्या ओळीपाशीच लेखणी अडली. शेवटी त्यांनी लिहिले: ‘विषय: अर्जदाराच्या हातून घडलेल्या मोजणीतील चुकीबाबत.’ पुढे लिहिले की सदर चूक सर्वस्वी आपली असून तिच्याशी अन्य कोणाचा संबंध नाही, कप्तानाने व्यक्त केलेली शंका रास्त आहे, आणि आपल्याला या कामावरून दूर करावे. तो अर्ज त्यांनी दोनदा वाचला. भाषा निर्दोष होती. त्याचा आनंद मात्र झाला नाही.

“आता कुणाची उणीदुणी काढताय?” वहिनींनी गाठ आवळत विचारले.

“माझी.”

“मग एका कागदात कसं मावेल?”

एरवी याला उत्तर मिळाले असते. आज अर्जदारांनी कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली, तेव्हा वहिनींनी जाळीवरून मान वर केली, क्षणभर पाहिले आणि जेवणाची ताटे घेतली. नवरा गप्प असला की आधी जेवू घालावे, मग विचारावे, हा त्यांचा क्रम होता. पण जेवण होताच तो अंथरुणावर जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर व्यवस्थापक हजर होते. वरून फेरमोजणीचा हुकूम आला होता. आणि त्यांच्याशेजारी, साध्या चपला घालून, टोपी डोळ्यांवर ओढून, स्वतः डावरा उभा होता.

“काका,” तो पुढे येऊन म्हणाला, “मी तसं बोलायला नको होतं. तोंडातून निघून गेलं.”

“वाटलं ते बोललात. त्यात चूक नाही,” अर्जदार म्हणाले. खिशातला कागद त्यांना टोचत होता.

“अहो, कशाला मनावर घेता?” व्यवस्थापकांनी समजूत घातली. “लांब असला तरी दोन्ही संघांना तेवढाच लांब. त्यांनी पाच घातलेच ना तिथून?”

“चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली म्हणून ती बरोबर ठरत नाही, साहेब. मोजू या.”

वहिनी टेपचे टोक घेऊन गोलरेषेकडे गेल्या आणि वाकल्या. अर्जदार दुसरे टोक ओढत ठिपक्यापाशी आले, गुडघे टेकले, टेप ताणली. ठिपक्याच्या मध्यावर आकडा होता अकरा मीटर दहा. जसा वहीत, तसाच इथे. त्यांनी घसा खाकरला आणि उभे राहून, जणू भरल्या सभेत, सांगितले, “दहा सेंटिमीटर लांब आहे. दोष माझा.” आणि अर्ज काढून व्यवस्थापकांच्या हाती दिला.

डावऱ्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखे झाले. त्याने टोपी मागे सारली, मोठा श्वास सोडला. ते अर्जदारांनी पाहिले. निदान एका माणसाचे ओझे तरी हलके झाले, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि तो त्यांना अगदीच कडू लागला नाही.

व्यवस्थापकांनी सवयीप्रमाणे अर्जाची न वाचताच घडी घातली. पण हुकूम लेखी होता आणि दोन्ही टोके तपासल्याचे लिहून द्यायचे होते, म्हणून ते गोलरेषेपर्यंत चालत गेले आणि वाकले. तिथेच थांबले.

“वहिनी, हा तुमचा अंगठा कुठे आहे?”

“नेहमी असतो तिथे. दहावर.”

“दहावर?”

“मग? तुटकं तोंड कसं धरणार?”

“अहो, पण ही तुटलेली नाहीये.”

वहिनींनी टेपकडे नीट पाहिले. अंगठ्यापलीकडे दहा सेंटिमीटर टेप, गुळगुळीत आणि धडधाकट, गवतावर पडली होती. “अगंबाई,” त्या म्हणाल्या. “खरंच की.”

अर्जदार लगबगीने आले. सव्वीस वर्षांत टेपच्या त्या टोकाला काय चालते हे त्यांनी एकदाही येऊन पाहिले नव्हते. “मी शून्यावर म्हटलं होतं!”

“तुम्ही बरंच काही म्हणता.”

“शनिवारीही इथेच धरली होतीस?”

“हात जातो तिथे जातो. तुमचा नाही का गेला?”

व्यवस्थापक हसू लागले ते थांबेनात. अर्जदारांनी मनातल्या मनात एकदा वजाबाकी केली, मग बोटांवर केली. अकरा-दहामधून दहा. अकरा मीटर, सूतभरही कमी-जास्त नाही. नवऱ्याने सवयीने चूक केली होती, बायकोने सवयीने न ऐकता ती भरून काढली होती, आणि ठिपका जिथे असायला हवा तिथेच होता.

मग त्यांचे लक्ष डावऱ्याकडे गेले. तो एकटाच ठिपक्यापाशी उभा होता आणि त्याचे ओझे परत आले होते. अर्जदार त्याच्याजवळ गेले. त्याला बरे वाटेल असे काही गुळमुळीत बोलणे सोपे होते. तसे बोलणे त्यांना कधी जमले नव्हते. ते गवतावर बसले आणि बोटाने दाखवले.

“ही तुमच्या उजव्या पायाची खूण. टेकवलेला पाय. बघा, ठिपक्यापासून किती मागे आहे. चांगली वीतभर. बाकीच्या नऊ जणांच्या खुणा इथे, चेंडूच्या बाजूला. ठिपका लांब नव्हता. तुम्ही लांब होतात.”

डावरा खाली बसला. त्या खुणेत स्वतःची चार बोटे घातली.

“घाई केली,” तो म्हणाला. “पावलं मोजली नाहीत.”

“मोजायला हवीत.”

“बरं झालं, काका. ठिपका चुकीचा निघाला असता तर मी म्हातारा होईपर्यंत तेच सांगत बसलो असतो. आता सरावाला तरी जाता येईल.” तो हसला. “एक मारून बघू का इथून?”

“सामन्यानंतर तीन दिवस गवताला विश्रांती असते. तसा नियम आहे.” अर्जदारांनी गुडघ्यावरचे गवत झटकले. “लेखी अर्ज केलात तर विचार करता येईल.”

“द्या हो मारू त्याला,” जाळीच्या मागून वहिनी म्हणाल्या आणि एक चेंडू घरंगळत आला. “जाळी मात्र फाडू नका, परवाच सांधलीये.”

अर्जदारांनी पाठ फिरवली, म्हणजे नियमभंग आपण पाहिला असे होऊ नये. मागे पावले मोजल्याचा आवाज आला: एक, दोन, तीन, चार. मग एक ठोका, आणि पाठोपाठ जाळीचा सुस्कारा.

डावरा गेल्यावर त्यांनी मूठभर वाळू आणि बी आणून ती खूण बुजवली आणि तळव्याने थोपटली. व्यवस्थापकांकडून आपला अर्ज मागून घेतला. तो परत मागितलेला त्यांच्या नोकरीतला पहिलाच कागद. नोंदवहीत त्यांनी सोमवारचे पान उघडून लिहिले: उत्तर गोल, ठिपका, ११.००. फेरमोजणी केली. बरोबर. त्याखाली थोडा विचार करून आणखी एक ओळ घातली: टेप यापुढेही दहावरच धरण्यात यावी.

“काय लिहिलंत?” वहिनींनी विचारले.

त्यांनी वाचून दाखवले.

“बरं,” वहिनी म्हणाल्या.

अर्जदारांनी टेप गुंडाळता गुंडाळता तिच्या तोंडाकडे पाहिले, आणि पुढच्या खेपेला स्वतः चालत जाऊन तो अंगठा पाहून यायचे ठरवले.