पोरी देखाले या!

विमल सपकाळे मॅडमना साक्रीत मॅडम म्हणणारा मी एकटाच, तेही पहिल्याच दिवसापुरता. शिक्षक म्हणून रुजू व्हायला जळगावहून एसटीने धडपडत पोहोचलो, तर प्राचार्या फाटकातच उभ्या! "पिंजारी सर, तुम्ही उशिरा आलात, की माझं घड्याळ पुढं आहे?" चूक एसटीची होती, पण ते सांगायची हिंमत कोणाची? दुपारपर्यंत त्या माझ्याही अक्का झाल्या होत्या.

अक्का रागावतात, हे या गौरवग्रंथात बाकीचे लिहिणार नाहीत, म्हणून मीच लिहितो. माझ्या आईचे जळगावला ऑपरेशन झाले, तेव्हा माझी सगळी प्रात्यक्षिके अक्कांनी स्वतः घेतली. परतल्यावर आभार मानायला गेलो, तर आईची चौकशी झाल्यावर लगेच म्हणाल्या, "तुमच्या हत्यारांच्या कपाटात काय गोंधळ आहे हो!"

आमच्या व्यवसाय विद्यालयात जळालेली मोटार भरायला, म्हणजे तिच्यात नव्याने तांब्याची तार गुंडाळायला शिकवतात. मुलींची पहिली तुकडी अक्कांनी घरोघरी फिरून जमवली. ती गावाला दाखवावी म्हणून आम्ही शनिवारी विद्यालय सर्वांसाठी खुले ठेवायचे ठरवले. रंगरंगोटी झाली, वायरी झाकल्या. आठवडे बाजारात पुकारा करायला रिक्षावाल्या नानांना मजकूर दिला: 'मोटार भरणाऱ्या मुलींचे काम पाहायला या.' एवढे लांबलचक कोण ऐकणार, असे वाटून नानांनी भोंग्यावर आपल्या अहिराणीत सुटसुटीत केले, "शनवारले शाळामा पोरी देखाले या हो!"

झाले! संध्याकाळपर्यंत दोन ठिकाणांहून 'मुलगी कोणाची, घराणं कोणतं' अशी विचारणा आली. मुलींचे पालक खवळले. ज्योती आमची सर्वांत तयार मुलगी. तिचे वडील हिरामण आबा तर फाटकातूनच गरजले, "मनी पोर आते शाळामा येवाव नही!" ज्योतीने शाळा सोडली की बाकीच्या जाणार आणि तुकडी बंद पडणार, हे उघड होते. मी म्हणालो, "अक्का, शनिवारचं रद्द करू या." अक्कांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि चपला पायात सरकवल्या.

अक्का आबांच्या घरी गेल्या, मला घेऊन. चुकीबद्दल हात जोडले आणि म्हणाल्या, "आबा, तुमची मळ्यातली मोटार जळालीय ना? ती द्या. ज्योती भरेल, शनिवारी सगळ्यांदेखत चालवेल. नाही चालली, तर पोर घरी न्या, मी अडवणार नाही."

आबांनी बराच विचार करून होकार दिला.

शनिवारी पटांगण भरले. मुलगी पाहायला आलेले एक कुटुंबही पेढे घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. ज्योतीने भरलेली मोटार पंपासह हौदाशी बसवली, बटण दाबले. मोटार फिरली, पण पाणी येईना! मागून हशा उठला. आबांचा चेहरा पडला. मोटार उलटी फिरतेय, हे मला आवाजावरून कळले आणि मी पुढे झालो. अक्कांनी माझा हात धरला. "सर, तिला करू द्या."

ज्योतीने वीज बंद केली. दोन वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा बटण दाबले. पाण्याचा लोंढा असा आला की पुढची रांग भिजली, पेढ्यांसकट!

आबा उठले. मला वाटले, आता काय बोलतात कोण जाणे. ते त्या कुटुंबाकडे वळून म्हणाले, "पाहुनाहो, पोर देखी लिधी ना? आते चहा प्या आनि घर जा. तिनं शिक्षण बाकी शे."

अक्कांनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "हौदाभोवतीचं पाणी काढून घ्या, कोणी घसरेल."

आज मुलींच्या तुकडीत जागा मिळत नाही, म्हणून पालक आमच्याशी भांडतात. अक्का साठ वर्षांच्या झाल्या. अक्का, तुमचे गुडघे कुरकुरू नयेत, आवाज असाच खणखणीत राहो. ज्योतीची लेक दाखल व्हायला येईल, तेव्हा फाटकात तुम्हीच उभ्या असाव्यात, आणि ती उशिरा आली तर तिला रागवायला तुम्हीच हव्यात. आमचे तेवढ्याने भागणार नाही. तिच्या लेकीलाही रागवा.