देवयानीशेजारचं काळं कडं

पहिल्यांदा ते कडं दिसलं तेव्हा हेलनने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. कडं होतं तिथंच होतं. संगणकावरच्या फोटोत, देवयानी दीर्घिकेच्या डाव्या अंगाला, राखी आभाळात, ओल्या पेल्याने टेबलावर ठसा सोडावा तसं गोल आणि काळपट. तिने झटकन फोटो बंद केला, स्वयंपाकघरात गेली आणि घासून ठेवलेली भांडी परत घासायला घेतली.

आगाशीच्या पुढे, केळीच्या वाडीत हेलन आणि तिचा नवरा वॉल्टर रुमाव यांचं घर आहे. हेलनने सगळी नोकरी चर्चच्या शाळेत क्लार्क म्हणून केली. हजेरीपटात खाडाखोड नाही, दाखल्यात चूक नाही, असा तिचा लौकिक. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले आणि तिला ते सोसेना. त्याच शाळेत सुरुची विज्ञान शिकवते. तुळिंजच्या तिच्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा पुरत नाही, म्हणून तिची दुर्बीण हेलनच्या घरी मुक्कामाला असते. तुळिंजच्या दिव्यांत एक तारा धड दिसत नाही. सुट्टी लागली की सुरुची दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन चार मित्रांबरोबर जव्हारकडच्या डोंगरात जाते आणि एकाच ठिकाणाचे शेकडो फोटो काढून आणते. पण नंतर त्यांच्याकडे बघायला तिला सवड कुठे?

"आँटी, तुम्ही शिका ना हे," ती एकदा म्हणाली होती. "माझ्यात तुमच्याएवढा धीर नाही हो."

"मला आभाळातलं काय कळतं?"

"आभाळातलं मी बघते. तुम्ही फक्त हजेरी घ्यायची. हललेला फोटो गैरहजर, ढग आलेला गैरहजर."

तेवढ्या बोलण्यावर हेलन शिकायला बसली. एकेक फोटो उघडला तर काळाकुट्ट, त्यात मीठ सांडल्यासारखे चार तारे. वाईट फोटो वेगळे काढायचे आणि चांगले संगणकाकडून एकावर एक रचून घ्यायचे. एवढं करूनही चित्र काळंच. मग शेवटी तो अंधार ताणायचा. स्क्रीनवर एक रेघ असते, ती माउसने हळूच वर ओढली की आतलं पुसट दिसायला लागतं. पहिल्यांदा तिने ती रेघ ओढली तेव्हा बंद खोलीतल्या काळोखातून कोणीतरी चेहरा वर काढावा तशी देवयानी वर आली होती. हेलनने छातीवर क्रूसाची खूण केली होती. भीती वाटली होती, पण त्या भीतीत गोडी होती.

या भीतीत गोडी नव्हती. तिच्या आईची गोष्ट अशाच एका डागाने सुरू झाली होती.

आई जेवायला बसली होती आणि म्हणाली होती, "माझ्या ताटात हा काळा डाग कसला गो?" सगळ्यांनी ताट पाहिलं. कोणीतरी ते पुसून परत दिलं. आई म्हणाली, "अजून आहे." साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. शेवटी शेवटी आई भिंतीला हात लावून चालायची आणि पेला किती भरला ते चहात बोट बुडवून बघायची. हेलनलाही साखर आहे. दर खेपेला डॉक्टर सांगतात, डोळ्यांचे पडदे तपासून घ्या. ती "हो, हो" म्हणते आणि थेट घरी येते.

संध्याकाळी तिने सुरुचीला फोन केला. डोळ्यांचं नाव काढलं नाही. आवाज होईल तितका सहज ठेवून विचारलं, "फोटोत एखादा डाग असला तर तो कशाचा असतो गं?"

"धुळीचा असेल. म्हणून तर फ्लॅट, म्हणजे नुसत्या कोऱ्या उजेडाचे फोटो काढायचे असतात, आँटी. दुर्बीण तशीच आहे ना? कॅमेरा काढू नका, फिरवू नका. तोंडावर पांढरं कापड बांधा, दिवसाच्या आभाळाकडे करा आणि तसे वीसेक फोटो घ्या. दुर्बिणीतली सगळी खोट त्यात येते. मग संगणक मूळ फोटोतून ती काढून टाकतो."

"आणि तरीही डाग राहिला तर?"

"राहत नाही हो. धूळ असेल तर जातेच."

हेलनला त्या रात्री झोप लागली ती एवढ्याच वाक्यावर.

सकाळी तिने उशीची पांढरी खोळ कडक इस्त्री केली. नाताळ जवळ आला होता. घरातली खिडक्यांची तावदानं पुसून झाली होती, पंख्याची पाती पुसून झाली होती, येशूजन्माच्या गोठ्यासाठी ठेवणीतल्या मूर्तीसुद्धा धुऊन वाळत होत्या. फोटो काढायचा म्हणजे आधी स्वच्छ करायचं हे तिला शिकवावं लागत नव्हतं. शाळेच्या फोटोच्या दिवशी मुलांची शेंबडी नाकं तिनेच पुसली होती. कॅमेऱ्याच्या पुढे एका खाचेत फिल्टरची काच बसवलेली असते. ती तिने अलगद बाहेर ओढली, चष्म्याच्या फडक्याने लख्ख पुसली आणि जागच्या जागी सरकवली. कॅमेरा काढला नाही, फिरवलाही नाही. मग खोळ बांधून फोटो घेतले, सुरुचीने सांगितलं तसं सगळं केलं, रेघ वर ओढली.

कोपऱ्यांतला काळोख गेला होता. आभाळ एकसारखं झालं होतं. आणि देवयानीशेजारी कडं तसंच होतं. उलट आता आणखी ठळक.

धूळ असती तर गेली असती. आभाळात असं काळं कडं नसतं, पुस्तकातल्या देवयानीजवळ तर नाहीच. मग उरलं काय?

तपासायला सोपं होतं. चित्र जरा बाजूला सरकवायचं. डाग चित्राबरोबर सरकला तर चित्रातला, नजरेबरोबर सरकला तर डोळ्यातला. लहान मुलालाही सुचलं असतं. हेलनलाही सुचलं. तिने माउसवर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. बोट हलेना. चित्र सरकवलं नाही तोवर अजून काही झालेलं नव्हतं. तिने संगणक बंद केला.

वॉल्टरला हाक मारून विचारता आलं असतं. पण तो "कुठंय? मला तर नाही दिसत" म्हणाला तर? आईच्या ताटाभोवती जमलेले सगळे तिला आठवले, आणि त्यांच्यातली ती स्वतः, हातात फडकं घेतलेली.

त्यानंतर कडं सगळीकडे येऊ लागलं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला, आल्तारच्या वेदीवरच्या पांढऱ्या कापडाकडे ती टक लावून बसली आणि तिथं करडं काहीतरी तरंगलं. नाताळच्या फराळाला कुलकुल करायला मळलेल्या पिठात दिसलं. न्हाणीघराच्या लादीवर दिसलं. एका दुपारी दाराला कडी लावून ती डोळे मिटून पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत भिंत चाचपत गेली. जमतंय का बघायला. ओट्याची कड हाताला लागली तेव्हाच डोळे उघडले.

"भाजीत मीठ दोनदा पडलंय," वॉल्टर जेवताना म्हणाला. "नाताळाआधी मला मारायचा बेत आहे का?"

"नको असेल तर खाऊ नकोस."

"खातो गो. मेलो तर तुझ्या त्या देवयानीला कळव. तिकडं माझ्यासाठी जागा बघून ठेवील."

एरवी ती हसली असती. तिने ताट उचललं आणि आत गेली. वॉल्टर तिच्या पाठीकडे बघत राहिला.

पुढच्या शनिवारी सुरुची आली, सांगून नाही, अशीच, हातात सुकेळ्यांचा पुडा घेऊन. "आँटी, फोटो दाखवा. शाळेत नाताळच्या कार्यक्रमाला लावायचाय."

"अजून झाला नाही."

"झालाय तेवढा दाखवा."

"संगणक बिघडलाय."

"काल तर चालू होता," वॉल्टर दारातून म्हणाला, आणि चिखलाच्या पायांनी आत येऊन त्यानेच बटण दाबलं. हेलनने त्याला पायांवरूनही टोकलं नाही. ती खुर्चीमागे उभी राहिली आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. सुरुचीने फोटो उघडला. देवयानी स्क्रीनभर पसरली. हेलनने मान खाली घातली. आता ते वाहवा करतील. दोघंही म्हणतील किती स्वच्छ, किती सुंदर. आणि मग सगळं संपेल.

"आयला!" वॉल्टर म्हणाला. "हिची बांगडी पडलीय वाटतं इथं."

हेलनने मान वर केली नाही. "कुठं?"

"ही काय. डावीकडं. केवढी काळी."

"हो ना," सुरुची पुढे वाकून म्हणाली. "फ्लॅट लावलेत तरी राहिली कशी? आँटी, फ्लॅट काढण्याआधी कशाला हात लावला होता?"

"कशालाच नाही. फक्त काच पुसली."

"फिल्टर पुसला?" सुरुचीने कपाळावर हात मारला. "आँटी! अहो, त्या धुळीचाच तर फोटो काढायचा होता. जव्हारला होती ती धूळ फ्लॅटमध्ये आलीच नाही, मग संगणक काढणार काय, कपाळ?"

"आमच्याकडे धुळीला फोटोआधी अंघोळ घालतात," वॉल्टर म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खदखदून हसला. सुरुचीही हसायला लागली. मग दोघं एकदमच थांबली, कारण हेलन खाली लादीवर बसली होती आणि तोंडात पदर कोंबून रडत होती.

सगळं बाहेर यायला वेळ लागला. ताट, आईचा डाग, भिंत चाचपत चालणं. वॉल्टर तिच्याशेजारी लादीवर बसून ऐकत राहिला. विनोद केला नाही.

"इतके दिवस एकटीच भीत होतीस?" त्याने विचारलं. "चल, सोमवारी डॉक्टरकडे."

"आता कशाला? डाग फोटोत होता."

"हा फोटोत होता. तुझे डोळे कुणी बघितलेत?"

हेलनने पदराने डोळे पुसले. सुरुचीने हात धरून तिला लादीवरून उठवलं.

सोमवारी विरारच्या दवाखान्यात तिच्या डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत ती बाकावर बसून माळ ओढत होती, आणि आसपासची माणसं हळूहळू विरघळत गेली. आत डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली, लख्ख उजेड टाकला आणि पडद्यांचे फोटो घेतले. मग त्या एकेक फोटो मोठा करून बघत राहिल्या.

"असेल ते सांगा," हेलन म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

"उजवा चांगला आहे. डाव्यात बारीक लाल ठिपके आहेत, कडेला. साखरेचे आहेत. ही सुरुवात आहे. तुम्हाला त्यातलं अजून काही जाणवणार नाही."

"आईला जाणवलं तेव्हा..."

"तेव्हा उशीर झाला असेल. तुम्ही वेळेवर आलात. साखर आवरायची आणि बोलावीन तेव्हा यायचं. नजर राहील असं आज तरी मी म्हणेन."

आज तरी. हेलनने ते दोन शब्द ऐकले. मान हलवली.

बाहेर ऊन होतं आणि थेंबांमुळे ते सुयांसारखं टोचत होतं. रस्ता, रिक्षा, माणसं, सगळं पांढऱ्यात पांढरं. पायरी कुठं संपते ते कळेना. वॉल्टर एक पायरी पुढे होता.

"वॉल्टर," ती म्हणाली, "मला काही दिसत नाही. हात दे."

त्याने दिला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने मागितलेला तो पहिलाच होता, आणि तिने तो रिक्षा येईपर्यंत सोडला नाही.