पोरगी नसताना अकरा जावई

हाफ टाइम संपली, रेफ्रीनं शिट्टी मारली, आणि आमच्या भाऊजींचे अकराच्या अकरा जावई मैदानाच्या मधोमध मांडी घालून रुसून बसले. फायनलचा सामना, गोल एक-एक, समोर शेंद्र्याच्या कंपनीची टीम कमरेवर हात ठेवून उभी. भाऊजी लाइनीच्या बाहेर, हातात लिंबाच्या फोडींचं ताट, आणि तोंड असं की जणू मांडवातून वरात परत गेली आहे. पोरगी नसताना अकरा जावई करून घेणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला असेल, आणि तो माझ्या नशिबी दीर म्हणून आला.

रेफ्रीनं घड्याळ दाखवलं. पाच मिनिटांत उठले नाहीत तर सामना शेंद्र्याला. शेंद्र्याला गेला असता तरी माझं काही बिघडलं नसतं, मला ऑफसाइड म्हणजे काय ते आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्या सामन्यावर आमचं गोडाऊन लागलं होतं. माझ्या नवऱ्यानं छावणी भागात मंडप-भांड्यांचा धंदा उभा केला, त्याचं ते गोडाऊन. नवरा गेल्यावर अर्धं माझं, अर्धं भाऊजींचं, आणि चालवायचं पूर्ण भाऊजींनी. सामना जिंकला तर एक बिल्डर क्लबची मागची सगळी देणी फेडणार होता आणि पुढचा खर्चही उचलणार होता, जर्सीवर त्याचं नाव घातलं की झालं. नाही जिंकला तर गोडाऊन एका मंगल कार्यालयवाल्याला विकायचं, हे ठरलेलं. त्याच्याकडून इसाराची रक्कम घेऊन भाऊजींनी ती पोरांत वाटूनही टाकली होती. मला हे सगळं सामन्याच्या दिवशी सकाळी सांगितलं, तेही चहाचा दुसरा कप मागता मागता. "काळजी करू नका वहिनी, जिंकायचंच आहे." जिंकायचंच असतं तर समोरची टीम कशाला बोलावली, असं मी विचारलं. त्यावर ते उठून गेले.

हा माणूस मुळात उधळा नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. स्वतःची चप्पल तारेनं शिवून घालतो. शर्टाची कॉलर उलटी करून शिवून घेतो. रिक्षात बसला की चौकाच्या अलीकडंच उतरतो, पलीकडं गेलं की भाडं वाढतं म्हणून. बायको लग्नानंतर दोन वर्षांत वारली, मूलबाळ नाही, दुसरं लग्न केलं नाही. व्यसन सुपारीचंसुद्धा नाही. एकच रोग, फुटबॉल. पंधरा-वीस वर्षं तो रोगही स्वस्तातला होता. छावणीतली पोरं संध्याकाळी खेळायची, भाऊजी चेंडूत हवा भरून द्यायचे, सामन्याच्या दिवशी भजी आणि चहा. हरायचे बहुतेक वेळा. हरून आले की तीच भजी गार खायचे आणि रेफ्रीला शिव्या द्यायचे. सगळं ठीक चाललं होतं.

मग शेंद्र्याला कंपन्या आल्या. त्यातल्या एका कंपनीनं टीम काढली आणि चांगला खेळणाऱ्याला नोकरी द्यायला लागली. भाऊजींच्या टीमची दोन पोरं एका महिन्यात तिकडं गेली. पोरांचं काही चुकलं नाही, भज्यांवर कुणाचं घर चालतं? पण भाऊजींनी ते मनाला लावून घेतलं. आठ दिवस दाढी केली नाही. नवव्या दिवशी कोल्हापूरला गेले आणि संग्राम नावाचा सेंटर फॉरवर्ड घेऊन आले. आमच्या दोन लग्नांच्या मंडपात जेवढं सुटायचं तेवढं त्या एकट्याला महिन्याला. वर खोली, वर आठवड्यातून दोनदा मटण. त्यानं माझ्या हातचा रस्सा पहिल्या दिवशी चाखला आणि म्हणाला, "मावशी, रस्सा पाणचट हाय की ओ." मी म्हटलं, "मग पायानं गोल मार बाबा, जिभेनं नको." त्या आठवड्यात त्यानं तीन गोल मारले. भाऊजी नाचले. आणि इथंच बांध फुटला. संग्रामला मिळतं तर आम्हाला का नाही, असं बाकीच्या दहांच्या मनात आलं. मागणं अगदी वाजवी होतं, एवढंच की पैसे नव्हते.

मी म्हटलं, "भाऊजी, दहांना सांगा, जमत नाय. ज्याला जायचं त्यानं जावं."

"वहिनी, पगार नोकराला देतात. पोरांना मान द्यायचा असतो," असं म्हणून ते पोरांची नावं लिहायला बसले.

दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेकीला आणि जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, जावयाचे पाय धुवायचे, तेहतीस अनारसे, वर चांदीचं काहीतरी आणि कापड द्यायचं. ज्याला चार लेकी असतात तो बाप त्या महिन्यात वाळून जातो. भाऊजींनी ठरवलं की आपल्याला लेक नाही, तर अकरा खेळाडू हेच आपले जावई. जावई झाला की तो दुसऱ्या क्लबात कसा जाईल? सासर सोडून कुणी जातं का? एवढं डोकं लावलं, पण जावई परवडतो का, हे काही विचारात घेतलं नाही.

तेहतीस गुणिले अकरा म्हणजे तीनशे त्रेसष्ट अनारसे. ते कुणी तळले? मी. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण हा गुणाकार मला हातानं करावा लागला. तूप संपलं, जाळी मोडली, शेजारच्या बायका येऊन हसून गेल्या. जेवायच्या दिवशी अकराही जण ओळीनं पाटावर बसले. गोलकीपर सलीम दिवसभर पंक्चरच्या दुकानात असतो, तो खाली मान घालून म्हणाला, "चाचा, हमारे में ऐसा नहीं होता." भाऊजी तांब्या घेऊन त्याच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "तुमच्यात नसंल, आमच्यात हाय. पाय इकडं कर." बचावाला खेळणारा एक बौद्ध पोरगा होता. त्यानं सरळ सांगितलं, आम्ही अधिक महिना मानत नाही. "मानू नको ना. धर्म तुझा, पुरण माझं. जेव." तो सात धोंडे जेवला. संग्राम म्हणाला तूप कमी आहे.

त्या दिवसापासून क्लबची तऱ्हाच बदलली. पगाराला आकडा असतो, मानाला नसतो. एकाला चांदीची वाटी दिली तर दुसऱ्याची वाटी वजनाला कमी भरली. दिवाळीला कपडे, पाडव्याला बूट, सामना जिंकला की आहेर, हरला की नाराजी काढायला आहेर. सलीमला हातमोजे बाहेरून मागवले, त्या मोज्यांत आमच्या शंभर खुर्च्या गेल्या. आधी खुर्च्या विकल्या, मग कनाती, मग जनरेटर, मग तांब्याच्या मोठ्या डेगा. दर वेळी भाऊजी म्हणायचे, "ह्यांना तशी मागणी राहिली नाय आता." लग्नात खुर्च्यांना मागणी राहिली नाही, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं.

पाचोडला एका लग्नाचं काम घेतलं. पाच-सहाशे माणूस. मंडप लागला आणि भांडी उतरवली तर भात शिजवायला एकच पातेलं. तीन घाण्यांत भात झाला. पहिली पंगत जेवली, दुसरी ताटकळली, तिसरी चिडली. नवरीचा बाप भाऊजींची कॉलर धरून ओरडायला लागला, तीच उलटी शिवलेली कॉलर. आणि हा माणूस त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत होता. तिथं नवरीचा चुलतभाऊ पोरांच्यात चेंडू मारत होता, डाव्या पायानं. संध्याकाळी भाऊजी छावणीत परत आले ते निम्म्या मजुरीवर आणि एक डावखुरा सोबत घेऊन. एक जावई पाय मोडून घरी बसला होता, त्याच्या जागी हा. मी विचारलं, "पैशाचं काय झालं?" ते म्हणाले, "वहिनी, असा डावा पाय मराठवाड्यात नाय."

कप जिंकला तर बक्षीस किती मिळतं, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं. तेवढ्यात एका जावयाची शर्ट-पँट झाली असती, शिलाई वेगळी.

तर फायनलच्या हाफ टाइमला काय झालं ते सांगते. संग्रामला भाऊजींनी मोटारसायकल कबूल केली होती, सामन्याच्या आधी दारात उभी राहील म्हणून. उभी राहिली नाही. म्हणून संग्राम रुसला. लिंबू चोखता चोखता बाकीच्यांना कळलं की मोटारसायकल एकट्यालाच कबूल केली होती. म्हणून ते दहा रुसले. नोकर असते तर संपावर गेले असते, पण जावई केले होते, जावई रुसतोच. सासऱ्यानं विनवण्या करायच्या, ही रीत. भाऊजी विनवण्या करत होते. "अरे बाबांनो, सामना होऊ द्या, मग बसून बोलू." कुणी वर बघत नव्हतं.

तीन मिनिटं राहिली तेव्हा मी पदर खोचला आणि मैदानात गेले. रेफ्री आडवा आला. "आजी, तुम्हाला आत यायची परवानगी नाही."

"तुझी परवानगी तुझ्याजवळ ठेव बाबा. माझं गोडाऊन बसलंय तिथं मांडी घालून."

अकरा जणांच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "जावई हायत ना तुम्ही? मग जावई लेकीच्या जिवावर रुसतो. ह्या घरात लेक नाय. बाई म्हणून मी एकटीच हाय. तर बोला, कोण नेतो मला? सकाळी उठल्याबरोबर गुडघे दाबावे लागतात. चहा दोन वेळा, साखर जास्त. पाठीला मलम चोळायचं. रात्रभर खोकते. तोंड कसं हाय ते तुम्हाला ठाऊकच हाय. जो मला घरी नेईल त्याला मोटारसायकल मी देते, भाऊजींचं ऐकू नका."

 मग सलीमला हसू आवरेना. मोज्यांनी तोंड झाकून तो म्हणाला, "दादी, माफ करो, हम खेलते." आणि उठला. त्याच्यामागं बाकीचे उठले. लाइनीबाहेरचे लोक ओरडायला लागले, "संग्राम, घेऊन जा, घेऊन जा आज्जीला!" संग्राम कानापर्यंत लाल झाला. "मावशी, चेष्टा नका करू की." मी म्हटलं, "चेष्टा नाय. उठतोस का मी बोचकं बांधू?" तो शेवटी उठला.

सामना जिंकला. गोल पाचोडच्या डावखुऱ्याचा, तोही डाव्या पायानं नाही, गुडघ्याला लागून चेंडू आत गेला. भाऊजी मैदानात लोळले. त्या क्षणी गोडाऊन आमचं होतं. बिल्डर माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता, मांडीवर चेकबुक, हातात पेन. मी मनात म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात भाऊजींना बोलायला माइक दिला. कुणी दिला त्याला मी अजून शोधते आहे. भाऊजी रडत होते. म्हणाले, "माझ्या पोरांनी आज लाज राखली. एका जावयाला गाडी आणि दहांना नाय, असा दुजाभाव माझ्या घरात होणार नाय. अकराच्या अकरा जणांना मोटारसायकली! मी शब्द देतो!"

टाळ्या पडल्या. बिल्डरनं पेनाला टोपण लावलं. मला म्हणाला, "मावशी, बुडाला भोक असलेल्या रांजणात पाणी कोण भरतो?" आणि नमस्कार करून गेला. शहाणा माणूस. मी त्याच्या जागी असते तर हाफ टाइमलाच गेले असते.

महिन्याभरात गोडाऊनचा व्यवहार झाला. देणी फिटली. माझ्या वाट्याला जे आलं त्यात माझं औषधपाणी निघतं. मोटारसायकल एकही आली नाही. शेंद्र्याच्या कंपनीनं सामन्यात चार जणांना हेरलं आणि नोकरीला घेतलं, ते चौघं आता पोटापुरतं कमावतात. संग्राम कोल्हापूरला गेला. क्लब बंद झाला. बरं झालं. कुणीतरी आधीच बंद करायला पाहिजे होता, मी केला नाही, तेवढं माझं चुकलं.

मागच्या उन्हाळ्यात एकदा दुपारी शेंगा फोडत बसलो होतो. मी विचारलं, "भाऊजी, खरं सांगा, कशासाठी केलं एवढं? कप पाहिजे होता का?"

त्यांनी एक शेंग उचलली. मग म्हणाले, "सलीमला दिवसभर लोक 'ए' म्हणून हाक मारतात, वहिनी. त्या दिवशी पाय धुतले तर तो पाय मागं घ्यायला लागला. म्हणाला, चाचा, पैर काले हैं. एवढा उंच पोरगा. म्हटलं, ह्याला कधी कुणी 'या, बसा' म्हणालेलं नाय." शेंग हातातच राहिली. "मला दुसरं काय देता येतंय? माझी कुठं कंपनी हाय?"

मी पाटी त्यांच्यापुढं सरकवली. मी म्हटलं, "शेंगा फोडा."

त्यांनी फोडल्या. आमच्या गोडाऊनच्या जागी आता कार्यालय झालं आहे आणि भाऊजी तिथं रोजावर पंगती बघतात. कोण उपाशी उठलं, कोणाला वाढायचं राहिलं, हे त्यांना बरोबर दिसतं, म्हणून मालक त्यांना सोडत नाही. त्या सगळ्यातून शेवटी उरलो ते आम्ही दोघंच, भाऊजी आणि मी.