नवरात्राआधीच काढलेला हत्ती

तिरुवल्लिकेणीच्या त्या गल्लीत कृष्णवेणीबाईंच्या इंग्रजीचा केवढा दरारा! हायस्कुलातल्या थोराड मुली त्यांच्यापुढे चळाचळा कापत. तेव्हा थोरल्या भावाच्या, पद्मनाभच्या, पाच वर्षांच्या सुंदरीला कॉन्व्हेंटच्या तोंडी परीक्षेसाठी तयार करणं म्हणजे हातचा मळ, असं त्यांना वाटलं. तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

त्या शाळेत मुलांपुढे खेळणी मांडत, वाक्य ऐकवत आणि तसं करून दाखवायला सांगत. बाईंनी सरावासाठी भर मे महिन्यात कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या, बाहुल्यांची ट्रंक उघडली. एरवी त्याआधी तिला कुणी हात लावत नसे. त्यातून हत्ती आणि घोडा निघाले. ‘द एलिफंट पुशेस द हॉर्स’ म्हटलं की सुंदरी झटकन हत्तीकडून घोड्याला ढकले. पण ‘द एलिफंट इज पुश्ड बाय द हॉर्स’ म्हटलं, तरी ढकलणारा हत्तीच! ज्याचं नाव आधी तोच दांडगा, असा तिचा हिशेब. लहान मुलांचा तो असतोच. ऐकता ऐकता, सावकाश सुटतो. बाईंना सावकाश हा प्रकारच ठाऊक नव्हता.

“अगो, ज्याचं नाव शेवटी, तो ढकलतो! येवढंच ध्यानात ठेव,” त्या खेकसल्या.

दुसऱ्या दिवसापासून हत्ती मुकाट धक्के खाऊ लागला. साधी वाक्यं काय, येतातच, म्हणून बाईंनी ती पुन्हा विचारलीच नाहीत.

जूनमध्ये परीक्षा झाली. बाई दाराशीच उभ्या होत्या. “द डॉग पुशेस द कॅट,” आतून आवाज आला. सुंदरीनं मांजराकडून कुत्र्याला ढकललं आणि मोठ्या ऐटीत अत्तेकडे पाहिलं. पुढचंही तसंच, त्याच्या पुढचंही. शाळेनं तिचं नाव दाखल करून घेतलं नाही.

घरी पद्मनाभनं विचारलं, तेव्हा बाईंच्या तोंडून निघून गेलं, “पोर बावरली, अण्णा. शिकवलेलं विसरली.”

मग पद्मनाभ लेकीवर असा काही कडाडला की ती जेवलीच नाही. बाईंनीही ताट बाजूला सारलं, पण खरं सांगायला जीभ उचलेना. इंग्रजीचा दरारा जपायचा होता ना!

नवरात्रात पायऱ्या सजल्या. सुंदरी हत्तीच्या वाऱ्यालाही उभी राहीना. ते पाहून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं होई. विजयादशमीच्या संध्याकाळी कोलू संपवताना एक बाहुली निजवायची असते. अप्पांनी, म्हणजे पद्मनाभनं, तो मान लेकीला दिला. तिनं नेमका हत्तीच उचलला, हळूच आडवा केला आणि अत्तेच्या कानाशी तोंड नेलं.

“अत्ते, शेवटचा ढकलतो म्हणून तूच सांगिटलीस. मी अप्पांस सांगिटले नाही हं.”

म्हणजे पोरीला सगळं कळलं होतं. बोलणी खाऊन, उपाशी निजून, तिनं अत्तेची अब्रू राखली होती. बाईंना भरून आलं आणि स्वतःची किळसही आली. पायरीला धरून त्या उठल्या.

“अण्णा,” त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, “पोर काही विसरली नव्हती.”