पट्टीसाहेबांची साडेसातशे

मोटारसायकल ही चालवायची वस्तू आहे असं माझं मत आहे आणि तीस वर्षं गॅरेज चालवून ते बदललेलं नाही. त्यामुळे पट्टीसाहेब पहिल्यांदा गॅरेजात आले आणि म्हणाले, "मला एक जुनी जपानी गाडी घ्यायची आहे, पण चालवायची नाही," तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला.

"मग काय लोणचं घालणार तिचं?"

"गुंतवणूक," ते शांतपणे म्हणाले. "मुलगा सांगतो, या गाड्यांचे भाव दरवर्षी चढतायत. पैसे बँकेत ठेवून कुजवू नका म्हणतो. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही बरोबर येऊन बघाल का?"

छत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते ते. अख्ख्या शहराचे नळ त्यांनी कागदावर काढलेले. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असायचीच, म्हणून पट्टीसाहेब. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा दोन विमानं बदलून पोचावं लागतं अशा ठिकाणी. तो दर रविवारी फोन करायचा आणि तब्येत, हवा, जेवण एवढं विचारून झालं की दोघांचेही विषय संपायचे. हे सगळं त्यांनी मला गाडी बघायला जाताना अर्ध्या तासात सांगितलं. मी काहीही विचारलं नव्हतं.

गाडी मात्र खरंच बघण्यासारखी निघाली. होंडाची साडेसातशे, चार सिलिंडर, चार सायलेन्सर, सगळे मूळचे. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा नंबर कागदांशी जुळत होता. टाकीचा रंग कारखान्यातून आला तोच, एका बाजूला जरा उडालेला. पट्टीसाहेब म्हणाले, तेवढा रंग मारून घेऊ. मी जवळजवळ ओरडलोच. या धंद्यात जुन्या रंगावर ओरखडा चालतो, नवा रंग चालत नाही. नवा रंग मारला की निम्मी किंमत गेली. त्यांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं.

गाडी त्यांनी बाहेरच्या खोलीत ठेवली. कोच शेजाऱ्याला दिला. चाकं जमिनीला टेकू नयेत म्हणून गाडी स्टँडवर चढवली, पेट्रोल काढून टाकलं, बॅटरी काढली, खाली तेलासाठी पत्र्याचा ट्रे ठेवला. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जायचो, प्लग काढून दहा किका मारायचो, म्हणजे आतल्या रिंगा चिकटत नाहीत. त्या दहा किकांसाठी ते सकाळपासून वाट बघत बसलेले असायचे. दार वाजवायच्या आधी उघडायचं.

वर्षभराने त्यांनी जाहिरात दिली. जुन्या गाड्यांचे शौकीन बघतात त्या साइटवर, स्वतः काढलेल्या फोटोंसकट: विकणे आहे, रविवारी बघायला यावे. किंमत अशी लावली होती की मला ठसका लागला. नाकापेक्षा मोती जड.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकतो, जी मला फार उशिरा कळली. पट्टीसाहेबांना ती गाडी विकायची नव्हती. त्यांना माणसं यायला हवी होती.

आणि माणसं यायची. एक दातांचा डॉक्टर यायचा. एक वैमानिक आला, तो तासभर जमिनीवर बसून नुसता इंजिनाकडे बघत होता. एकदा एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडलांना घेऊन आली. वडलांकडे तरुणपणी हीच गाडी होती म्हणे. ते सीटवर हात ठेवून रडले आणि पट्टीसाहेबांनी त्यांना पाणी दिलं. प्रत्येकाला चहा व्हायचा. मग फाईल निघायची. साहेबांनी त्या गाडीच्या एकेका भागाचा नकाशा काढला होता, मापांसकट, शाईने. ब्रेकच्या चकतीपासून टूलकिटच्या पिशवीपर्यंत. पान उलटत उलटत दोन तास जायचे. शेवटी माणूस किंमत विचारायचा, ऐकून हसायचा, हात मिळवून जायचा. त्यातले काही पुन्हा यायचे. आणि रविवारच्या फोनवर मुलाला सांगायला विषय असायचा: आज कोण आलं, काय म्हणालं, सायलेन्सरवरचा नंबर कुणी ओळखला. मुलगाही पलीकडून लिलावातले भाव वाचून दाखवायचा. बाप-लेक अर्धा अर्धा तास बोलायला लागले होते.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. पण मी पडलो मिस्त्री. मला गाडीचा आवाज कळतो, माणसाचा कळत नाही. मला दिसत होता तो एक हट्टी म्हातारा, ज्याची गाडी दोन वर्षं विकली जात नाहीये.

"साहेब, एवढी हाव बरी नव्हे," मी एकदा बोलून गेलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "थोडं खाली या. गिऱ्हाईक काय आयुष्यभर येत राहणार आहे का?"

ते फडक्याने हँडल पुसत राहिले. मग म्हणाले, "येतात तोवर येऊ देत की."

माणसाने यापेक्षा स्पष्ट काय बोलायचं? पण माझ्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. मी ठरवलं की साहेबांचं काम आपणच करून टाकू. त्यांनी लावलेल्या किमतीला गाडी विकून दाखवू, म्हणजे आपलीही मान वर. ओळखीत एक हॉटेलवाला होता. चाळीस गाड्या त्याच्याकडे, वातानुकूलित गोडाऊनमध्ये चादरी घालून ठेवलेल्या. घासाघीस न करण्याबद्दल प्रसिद्ध. मी त्याला फोन केला, फोटो पाठवले, आणि पुढच्या रविवारी त्याला घेऊनच साहेबांच्या दारात उभा राहिलो.

साहेबांना आनंद झाला. दोन माणसं एकदम! त्यांनी कप मांडले. हॉटेलवाला म्हणाला, चहा नको. तो टॉर्च घेऊन खाली वाकला, नंबर बघितला, टाकीवरचा उडालेला रंग नखाने चाचपला, सायलेन्सर चारही बघितले. चार मिनिटं. साहेबांनी फाईल पुढे केली, तर म्हणाला, "ही गाडीबरोबर येणार ना? मग घरी बघतो."

आणि हात पुढे केला. "तुमची किंमत मंजूर."

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात कागद नंतर होतात, आधी शब्द असतो. विकणाऱ्याने स्वतः लावलेली किंमत समोरच्याने जशीच्या तशी मान्य केली, तर मागे फिरता येत नाही. फिरला त्याच्याकडे पुन्हा कुणी गाडी बघायला येत नाही. हे साहेबांना मीच शिकवलं होतं. ते वहीत लिहिलेलं होतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसत होतो, देवाशपथ सांगतो, मी तोंडभर हसत होतो. मला वाटलं, म्हातारा आता मिठी मारतो. त्यांनी हॉटेलवाल्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ठीक आहे."

बुधवारी टेम्पो आला. गाडी चढवताना साहेब खालून सांगत होते, डावीकडे, अजून डावीकडे, दोरी टाकीवरून नको. टेम्पो गेल्यावर त्यांनी माझे आभार मानले. व्यवस्थित मानले, हात जोडून. "तुम्ही एवढे कष्ट घेतलेत माझ्यासाठी," म्हणाले. त्या दोन हातांपेक्षा त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, पण हे मला तेव्हा वाटलं नाही. तेव्हा मी छाती फुगवून घरी गेलो.

महिन्याचा पहिला रविवार उजाडला आणि सवयीने मी निघालो. अर्ध्या वाटेत आठवलं की किका मारायला आता गाडीच नाही. तरी म्हटलं, डोकावून जाऊ.

दार वाजवलं, कुणी लगेच उघडलं नाही. आतून बोलणं ऐकू येत होतं. मग साहेबांनीच उघडलं. बाहेरच्या खोलीत एक चाळिशीचा माणूस खुर्चीवर बसला होता, हेल्मेट मांडीवर. समोर चहा. खोलीच्या मधोमध पत्र्याचा ट्रे तसाच पडलेला, रिकामा.

"अहो, तुम्ही इतक्या लांबून आलात आणि बघा, कालच गेली," साहेब त्याला सांगत होते. "पण आलाच आहात तर बसा थोडं. तिचे सायलेन्सर कसे होते ते सांगतो. फाईल दिली मी, पण बरंच पाठ आहे मला."

गाडी जाऊन अठरा दिवस झाले होते.

साहेबांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टी ठेवून रेषा मारायला सुरुवात केली. माणूस सभ्य होता, वीस मिनिटं ऐकलं त्याने. उठताना म्हणाला, "जाहिरात तेवढी काढून टाका काका, लोक उगाच हेलपाटे घालतील."

"हो, राहिलीच काढायची," साहेब म्हणाले.

छत्तीस वर्षांत ज्याच्या हातून नकाशावरची एक रेघ राहिली नव्हती, तो माणूस हे म्हणत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी काय करून बसलो ते पायापासून वरपर्यंत कळलं. तो माणूस निघून गेला आणि मी त्याच्याच खुर्चीवर बसलो, दुसरी त्या खोलीत नव्हती.

"मुलगा काय म्हणतो?" मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"खूश आहे. चांगला भाव आला म्हणाला." ते कप उचलायला लागले. "आता काय, हवा विचारतो."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी मला थांबवलं, खालच्या आवाजात, जसं ऑफिसात वरिष्ठांच्या मागे बोलतात तसं.

"मिस्त्री, दुपारी आणखी एक जण येणार आहे. तुमच्या धंद्यातल्या लोकांत बोलणं होतं, मला माहीत आहे. तेवढं एक करा माझ्यासाठी. गाडी गेली म्हणून कुणाला सांगू नका."