वीतभर खोल ऐकणारं यंत्र

पालमच्या बसस्टँडसमोर सटवाजीचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते पाटी टांगलेली आहे म्हणून. रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त करून मिळेल असं त्या पाटीवर लिहिलंय. टेप कुणाच्या घरात उरला नाही आणि टीव्ही बिघडला की लोक नवा आणतात. राहता राहिले मिक्सर आणि पंखे, त्यांच्यावर घर चालायचं. सटवाजी बोलायला कंजूष. गिऱ्हाइकानं तासभर गाऱ्हाणं सांगितलं तरी हा नुसता ‘हूं’ म्हणणार आणि बिघडलेलं डबडं कानाला लावून बसणार.

गेल्या भाद्रपदात गंगेला पूर आला. गोदावरीला इकडं सगळे गंगाच म्हणतात. सटवाजीचा एकुलता एक मुलगा हरिओम पलीकडच्या गावाहून मोटारसायकलवर परत येत होता. ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत होतं आणि दोन्ही काठांवर लोक गाड्या लावून उभे होते. यानं म्हटलं, गुडघाभर तर पाणी आहे. तरण्या पोरांना पाणी नेहमी गुडघाभरच दिसतं. मोटारसायकल पुढं बाभळीत अडकलेली सापडली, हरिओम सापडला नाही. बोटी आल्या, फिरल्या आणि गेल्या.

भटजींनी सांगितलं, दर्भाचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या आणि दिवस घाला. शास्त्रात सोय आहे. सटवाजीची बायको कडूबाई त्यांच्यासमोरून उठून आत गेली.

“माझं लेकरू कुटं तरी पडलं असंल,” ती आतूनच म्हणाली. “मार लागून याद गेली असंल. जित्या लेकराचे दिस घालू का मी?”

तेव्हापासून तिनं एक धरलं. पुलावरून जाताना गंगेला पैसा टाकायची रीत सगळ्यांचीच. एसटीच्या खिडकीतून रुपया भिरकावून लोक हात जोडतात. कडूबाई मात्र दर बाजाराच्या दिवशी मुद्दाम जीपनं पुलावर जायची. पिवळ्या फडक्यात हळदकुंकवाचा रुपया आणि चार तांदूळ बांधून ती पुरचुंडी पाण्यात सोडायची आणि गंगेला सांगायची, माझं माणूस परत दे.

सटवाजीला आशा नव्हती. पहिल्या आठवड्यातच आपण ती सोडली, असं तो स्वतःला सांगायचा. त्याला फक्त हाताला काहीतरी लागायला हवं होतं. ते दाखवल्याशिवाय बायको मानणार नव्हती, आणि ती मानल्याशिवाय त्या घरात कुणाला धड रडताही येणार नव्हतं.

काय शोधायचं ते त्याला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी हरिओम ट्रॅक्टरवरून पडला होता आणि परभणीला नेऊन त्याच्या मांडीत स्टीलचा रॉड घातला होता. घरी आल्यावर त्यानं बापाच्या दुकानातल्या स्पीकरचं लोहचुंबक उचलून मांडीला लावलं होतं. “अण्णा, चिटकंना की वो,” म्हणून स्वतःच हसला होता. ते हसू सटवाजीच्या डोक्यातून जाईना. पोराच्या अंगातली एक वस्तू कुजणार नव्हती, आणि तिला लोहचुंबकही धरणार नव्हतं. म्हणजे यंत्रच पाहिजे.

यंत्र त्यानं दुकानातच जोडलं. फुटक्या बादलीचा काठ कापून कडं केलं आणि मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणलेली तांब्याची तार त्यावर गुंडाळली. जुन्या रेडिओतले सुटे भाग काढून दोन सर्किटं केली. दोन्हींचे सूर एकमेकांवर आपटून कानात बारीक शिट्टी वाजेल अशी. कड्याजवळ धातू आला की शिट्टीचा सूर बदलायचा. हातात धरायला प्लास्टिकचा पाइप, वर चिकटपट्टीनं बांधलेली बॅटरी आणि कानात इअरफोन. मग त्यानं स्वयंपाकघरातलं स्टीलचं उलथनं नेऊन वाळूच्या घमेल्यात पुरलं आणि वरून यंत्र फिरवलं. वीतभर खोलीपर्यंत शिट्टी बदलली. त्याखाली उलथनं गेलं की यंत्र बहिरं. गंगेत वाळू पुरुषभर. हे त्याला कळत होतं, तरी त्यानं यंत्र खांद्याला लावलं.

“काय हुडकायलाव?” कडूबाईनं उलथनं परत घेताना विचारलं.

“गाडीचं सामान.”

“गाडी तर घावली की.”

सटवाजी ‘हूं’ म्हणाला.

पाणी उतरलं आणि वाळू उघडी पडली तसा तो रोज सकाळी नदीत उतरू लागला. काठावरची माणसं आधी म्हणाली, सटवाजी गुप्तधन काढायलाय. नंतर सगळ्यांना समजलं आणि थट्टा बंद झाली. मग कुणी त्याच्याकडं बघेनासंच झालं, आणि ते जास्त लागायचं. यंत्र बोलायचं मात्र खूप. ज्या पुलावरून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पैसे टाकले, त्या पुलाखाली धातू शोधायला निघालेला माणूस तो. शिट्टी बदलली की तो थांबायचा. गुडघ्यावर बसून उकरावं तर रुपया. पुन्हा शिट्टी, पुन्हा रुपया. लोकांनी हात जोडून टाकलेलं सगळं त्याच्या वाटेत आडवं पडलेलं.

कधी कधी पिवळी पुरचुंडी निघायची. बायकोच्या हातची गाठ त्याला ओळखू यायची. ती तो उघडत नसे. पाण्याच्या कडेला नेऊन परत पुरायचा आणि वरून वाळू दाबायचा. घरी यातलं कधी बोलला नाही.

उन्हाळा लागला आणि नदीत वाळू भरायला हायवा ट्रक आले. ज्या पट्ट्यात सटवाजी अजून पोचलाच नव्हता, तिथंच जेसीबी उतरला. मशीनच्या एका घासात सटवाजीचं आठवड्याचं काम उचललं जात होतं. तो मध्ये जाऊन उभा राहिला. ड्रायव्हर वाईट नव्हता. “मामा, सरका बाजूला, लागंल,” एवढंच म्हणाला. सटवाजी सरकला आणि वाळू कुठं चालली ते त्यानं विचारून घेतलं.

ती चालली होती मार्तंड गुरुजींच्या दारात. गुरुजींनी हरिओमला शाळेत शिकवलं होतं, आता ते घर बांधत होते. खांद्यावर यंत्र घेऊन आलेला सटवाजी दिसल्यावर त्यांनी त्याला ढिगाकडं वाट करून दिली.

“बघा, सटवाजीराव,” ते म्हणाले. “पण आधीच्या खेपांची निम्मी वाळू परवाच स्लॅबमध्ये गेली. मला आधी माहीत असतं तर थांबलो असतो.”

सटवाजीनं ढिगावर यंत्र धरलं. एका बाजूला शिट्टी बदलली. त्यानं हातानं उकरलं आणि पिवळी पुरचुंडी बाहेर आली, गाठ तशीच. म्हणजे ही वाळू पुलाखालचीच. मग त्याची नजर वर स्लॅबकडं गेली. त्यानं उठून यंत्र खांबाला लावलं, भिंतीला लावलं, पाइप उंच करून स्लॅबला लावलं. शिट्टी चढली ती उतरेना. आत सगळीकडं सळया. यंत्र सगळीकडं हो म्हणत होतं. गुरुजी तोंड फिरवून गवंड्याशी बोलायला गेले.

घरी आल्यावर घाम पुसायला त्यानं खिशातून रुमाल ओढला, त्याबरोबर पुरचुंडी फरशीवर पडली. ढिगात सापडलेली ती नदीत परत पुरायची राहून गेली होती. कडूबाईनं उचलली.

“ही माझी हाय.”

“व्हय.”

“गंगेला वाहिलेली.”

आयुष्यात बोलला नसेल इतका सटवाजी तेव्हा बोलला. हायवा कसे आले, जेसीबीनं वाळू कशी उचलली, गुरुजींच्या दारात ढीग कसा पडला, सगळं सांगितलं. गंगेचा यात काही संबंध नाही, हे त्यानं तिला तऱ्हेतऱ्हेनं पटवून पाहिलं. कडूबाई पुरचुंडी मुठीत धरून ऐकत होती, पण तिचं कधीच ठरून गेलं होतं.

“गंगेला वाहिलेलं कुणाच्या घरी परत येत नसतंय,” ती म्हणाली. “तिनं माझं परत केलं. न्हाई म्हणली ती.”

तिनं पुरचुंडी देवापुढं ठेवली नाही. उंबऱ्याबाहेर ठेवली, हात धुतले आणि पदराला पुसले.

“उद्या भटजीला सांगावा धाडा. दर्भ आणा म्हणावं. लेकराचे दिस घालू.”

हेच ऐकायला तो इतके महिने वाळू उकरत होता. आता ती म्हणाली होती, आणि काही सापडावंही लागलं नव्हतं. सटवाजी खाली बसला. मांडीवर यंत्र घेतलं, चिकटपट्टी सोडवली, जुनी बॅटरी काढली आणि कोनाड्यातली नवी बसवायला लागला. 

“थांब जरा,” तो म्हणाला. “भटजीला आत्ताच नको. गुर्जीच्या दारात निम्मा ढीग अजून बघायचा शिल्लक हाय.”

 इतके महिने कडूबाईनं मानावं म्हणून वाळू उकरणारा माणूस उंबऱ्यात चपला हुडकत होता.