गुडघ्याचा नवस

अख्ख्या परभणी जिल्ह्यात ऑस्ट्रेलियातल्या बास्केटबॉलची खडान्‌खडा माहिती असलेला एकच माणूस आहे, आणि तो झरीला युरिया विकतो. हे माझ्या बायकोचे मामा. वय साठीच्या पुढे, उंची बेताची, आणि बास्केटबॉल त्यांनी जन्मात कधी हातात धरलेला नाही. पण तिकडच्या एका गार्डची, संघाचा चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूची, सगळी कारकीर्द, म्हणजे तो कुठल्या संघात होता, तिथून का निघाला, कोणत्या मॅचला कुणाचा धक्का लागून पडला आणि पडल्यावर पंचाकडे कसा बघत राहिला, हे ते अशा काही जिव्हाळ्यानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हा पोरगा यांच्याच अंगणात रांगलेला आहे.

सुरुवात चुकून झाली. मामा मोबाइलवर ऑस्ट्रेलियातलं क्रिकेट लावायला गेले आणि भलतंच लागलं. धिप्पाड गड्यांच्या घोळक्यात एक ठेंगणा माणूस चेंडू आपटत, ओरडत, एकेकाला जागेवर उभा करत होता. त्याच्यासमोर बास्केट मोकळी होती, तरी त्यानं चेंडू दुसऱ्याच्या हातात दिला. त्या दुसऱ्यानं तो आत टाकला आणि लोकांनी त्याचाच जयजयकार केला. मामा खुर्चीतून उठलेच. "ह्याला म्हनतात वळण! सोता उपाशी ऱ्हायला, पन पंगतीला वाढलं!" त्या दुपारपासून तो पोरगा "आपला" झाला. मामा त्याचं नाव घेत नाहीत. नुसतं "आपला" म्हटलं की झरीत सगळ्यांना कळतं.

तिकडे संध्याकाळी मॅच असते तेव्हा आपल्याकडे दुपारचे दोन वाजलेले असतात. त्या वेळी मामांच्या दुकानात खत मागणं म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना भटजींना वेळ विचारण्यासारखं. खताच्या पोत्यावर मोबाइल टेकवलेला असतो आणि समोर दहा-बारा शेतकरी बसलेले असतात, कारण मॅचचा एक भाग संपल्याशिवाय पोतं हलणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. बसून बसून त्यांनाही खेळ समजायला लागला. संघाच्या कोचला मामा 'मुकादम' म्हणतात. मुकादमानं 'आपल्या'ला बाकावर बसवलं की दुकानातून एकदम दहा जणांचा हळहळण्याचा आवाज येतो. "मानूस बसवून ठिवायलाय बघा इमानदार," मामा म्हणतात, "आन् ते लांबडं बुजगावणं पळवायलाय."

मधे एकदा त्याच्या संघानं त्याला काढून टाकलं. तीन महिने त्याला कुणी घेईना. मामांनी दाढी करणं सोडलं. मी परभणीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून मला फोन आला. "जावईबापू, तुमच्या शाळेत खेळाच्या मास्तरची जागा हाय का वो? मानूस निर्व्यसनी हाय. ऱ्हायची सोय आमी करू." मी म्हटलं, मामा, तो ऑस्ट्रेलियात आहे. तर म्हणतात, "मंग बदलीवर आल्यावानी यील की." पुढे तो युरोपातल्या कुठल्याशा देशात खेळायला गेला, तेव्हा मामांनी जगाचा नकाशा आणून बियाण्यांच्या कपाटावर चिकटवला आणि तो ऑस्ट्रेलियात परत येईपर्यंत तिकडे थंडी किती आहे याची फिकीर करत बसले.

त्याची एक खोड मात्र मामांनी घ्यायला नको होती. तो गार्ड एकीकडे बघतो आणि चेंडू दुसरीकडे देतो. पुतण्याच्या लग्नात मामा लाडू वाढत होते. त्यांनी व्याह्यांकडे पाहून हात जोडल्यासारखं केलं आणि न बघता डाव्या हाताच्या पानात लाडू भिरकावला. तो व्याह्यांच्या मेहुण्याच्या वरणात पडला. मेहुण्यांचा सदरा पांढरा होता. मामी आजही ती पंगत आठवून डोक्याला हात लावतात. मामांचं म्हणणं एवढंच की मेहुणे जागेवर नव्हते.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि मग आपल्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. तो पुन्हा खेळेल का, हे डॉक्टर सांगेनात. मामा मोटारसायकलवर मामींना घेऊन थेट पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले आणि नवस बोलले. चार पोरांच्या आजारपणात बोलून तोंडात बसलेलं वाक्य होतं, तेच भडाभडा बोलून मोकळे झाले : "देवा, लेकराला बरं कर, तुझ्या पायावर आनून घालतो." परतताना मामींनी मागून विचारलं, "अवो, आनून घालतो म्हनलाव तुमी. कुटून आननार?" मोटारसायकल जागच्या जागी थांबली.

वर्षभरानं आपला खरंच मैदानात उतरला. झरीत पेढे वाटले गेले. चार-पाच मॅच झकास गेल्या, आणि मग त्याचे नेम चुकायला लागले. एका दुपारी तो लंगडत बाहेर गेला. "देव आठवन करून द्यायलाय," मामा म्हणाले. त्यांचं जेवण तुटलं. मला ते हसण्यासारखं वाटत नव्हतं, कारण ते रडवेले झाले होते. आपल्या तोंडच्या एका वाक्यापायी एका परक्या माणसाची रोजीरोटी जाणार, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

शेवटी पोखर्णीच्या पुजाऱ्यांनी मार्ग काढला. माणूस येत नसेल तर त्याच्या अंगावरचं, वापरलेलं कापड देवापुढे ठेवावं. त्या संघाला इंग्रजीत पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मामांनी मजकूर सांगितला : इकडे सर्व खुशाल, सोयाबीन बरं आहे, गुडघ्याला जपावं, आणि एक कापड पाठवावं. "धुतलेलं नगं, हे नीट ल्हा." अनोळखी देशातल्या अनोळखी माणसाकडे त्याचा न धुतलेला कपडा मागताना माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीची लाज वाटली. पण लिहिलं.

महिने गेले. लंगडत, पट्ट्या बांधत आपल्यानं तो हंगाम काढला आणि शेवटच्या मॅचनंतर हात हलवून खेळ सोडला. मामांनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी पार्सल आलं. पोस्टमनच्या मागे निम्मं गाव. आत एक काळी, ताणून सैल झालेली गुडघ्याची पट्टी, तिला घामाचा कडक वास, आणि हातानं लिहिलेली चिठ्ठी. मी ती मराठीत वाचून दाखवली : 'डॉक्टर म्हणाले होते, अर्धाच हंगाम. मी पूर्ण खेळलो. तुमच्या देवाला माझ्याकडून धन्यवाद सांगा. मला येता आलं नाही, माफ करा.' मामांनी मला ती तीनदा वाचायला लावली.

देवळात नवाच पेच उभा राहिला. पायात घालायची वस्तू गाभाऱ्यात कशी न्यायची? दर्शनाला आलेल्या चौघांची चार मतं पडली. पुजाऱ्यांनी पट्टी दोन बोटांत धरून पाहिली, जरा लांब धरून पुन्हा पाहिली, आणि निकाल दिला, "घोट्याच्या खाली घालत्यात ते पायतन. घोट्याच्या वर ते वस्त्र." आणि पट्टी देवाच्या पायाशी गेली, फुलांच्या शेजारी.

मामा बराच वेळ हात जोडून उभे होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. बाहेर आल्याबरोबर मी विचारलं, "मामा, पुन्हा नवस बोललात?"

"न्हाई न्हाई. नुसतं मागितलं."

"आता काय मागायचं? त्याचा खेळ तर संपला."

"खेळ संपला, गुडघा कुटं संपलाय?" पायरी उतरताना त्यांनी माझा खांदा घट्ट धरला, आणि त्यांचा स्वतःचा उजवा पाय वाकत नाही हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. "म्हनलं, त्याला चालता येऊ दे बाबा. नातवंडामागं पळता येऊ दे. म्हातारपन लय लांब ऱ्हातं, जावईबापू."

"आणि तुमच्या गुडघ्याचं?"

"ते ऱ्हायलंच की," मामा म्हणाले, आणि एकेक पायरी करत खाली उतरत राहिले.